तोतरा, बोबडा आणि येळ्ळूर

येळ्ळूर हे नाव पहिल्यांदा उच्चारताना माझी जीभ अडखळली होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. आईबरोबर गोव्याहून मावशीकडे चाललो होतो. बेळगावला उतरून वडगावच्या रस्त्याने येळ्ळूरची गाडी धरायची. 'कुठं चाललास रे?' असं गाडीत कुणीतरी विचारलं आणि मी 'येळूर' म्हणालो. आजूबाजूची माणसं हसली. घरी पोचल्यावर मावशीनेही तेच केलं. 'येळूर न्हवं रे, येळ्ळूर म्हण की!' आम्हा गोंयकारांना ळ काही नवा नाही. पण एकावर एक बसलेला हा जोड-ळ माझ्या जिभेला काही झेपेना. दोन दिवस मी येळूर, येल्लूर, येलळूर असं काहीबाही म्हणत राहिलो.

त्या घरात मला न हसलेला एकच माणूस होता. माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तो हसला नाही याचं कारण मला पुढे कळलं. दादा तोतरा आहे.

'येळ्ळूर' हे नाव कानडी कानाला फार सोपं आहे. 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'ऊरु' म्हणजे गाव. कानडी माणसाला त्यात सहज तिळाचं गाव ऐकू येतं. गाव मात्र मराठी बोलणाऱ्यांचं. भाताची शेतं, चांगळेश्वरीचं देऊळ, कुस्तीचं वेड, दरवर्षीचं साहित्य संमेलन आणि वर राजहंसगड. अशा गावात वाढलेल्या दादाने परवा बोलता बोलता एक वाक्य टाकलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, 'मराठीत मी तोतरा, कानडीत उग्ग. पण खरं सांगू, दोन्हीकडच्यांना मी तोतरा हाय हेच कधी कळलं न्हाई.' हा लेख त्या वाक्यापायी.

आधी शब्द पाहू. मराठीत याला शब्दांची वाण नाही. तोतरा म्हणजे ज्याचा शब्द सुरुवातीलाच अडतो, अक्षर पुन्हा पुन्हा येतं तो. बोबडा म्हणजे ज्याचे उच्चार नीट उमटत नाहीत, र चा ल होतो, स चा त होतो तो. चाचरणे हे जरा सभ्य क्रियापद, कचरणारा माणूसही चाचरतो. शिवाय भीतीने 'बोबडी वळते' आणि चोरी पकडली गेली की माणूस 'ततपप' करू लागतो. या शेवटच्या शब्दाने सगळं गुपितच फोडलं आहे. हे बहुतेक शब्द नादावरून आलेले आहेत. ऐकणाऱ्याने जे ऐकलं, तेच त्याने नाव म्हणून ठेवून दिलं. त-त ऐकू आलं, तोतरा म्हटलं. ब-ब ऐकू आलं, बोबडा म्हटलं.

हे फक्त आपल्याकडेच नाही. गुजरातीत तोतडुं, बंगालीत तोतला. हिंदीतही तोतला आहे, पण तो आपल्या बोबड्याच्या जवळचा. आपल्या तोतऱ्याला हिंदीवाले हकला म्हणतात. इंग्रजीत स्टटर, जर्मनमध्ये श्टोटर्न, दोन्हींत ट-ट आहेच. स्पॅनिशमध्ये तार्तामुदो. लॅटिनमध्ये बाल्बुस. आमच्या गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत गागो. डोळे मिटून हे शब्द एकामागून एक म्हणून पाहा, प्रत्येक भाषा तोतऱ्याची नक्कल करते आहे असं वाटेल.

कानडीत दोन शब्द आहेत. 'उग्गु' म्हणजे अडखळत बोलणं, आणि तसं बोलणारा तो उग्ग. दुसरा 'तोदलु'. ऐकायला तो आपल्या तोतऱ्याच्या अगदी शेजारचा, पण त्यात एक मायेची छटा आहे. लहान मुलाच्या पहिल्यावहिल्या बोलण्याला कानडीत तोदलु म्हणतात, म्हणजे आपले 'बोबडे बोल'. यावरून मावशीच्या घरी एक रामायण घडलं होतं. दादा दीड-दोन वर्षांचा असताना शेजारची कानडी आज्जी त्याला मांडीवर घेऊन कौतुकाने तोदलु, तोदलु म्हणत होती. मावशीने ऐकलं तोतरा. आपल्या पोराला वाईट बोलते म्हणून मावशीने तिच्याशी अबोला धरला, तो चांगला महिनाभर टिकला. पुढे दादा खरोखरच तोतरा निघाला, तेव्हा मावशीला त्या बिचाऱ्या आज्जीचीच दृष्ट लागली असं वाटत राहिलं. आज्जीने मात्र फक्त लाड केले होते.

असे घोटाळे या पट्ट्यात जुनेच. तुकोबांच्या गाथेत एक अभंग आहे. कानडी बाईने मराठी नवरा केला, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. ती त्याला आपल्या भाषेत 'इकडे ये' म्हणून हाक मारते, तर याला वाटतं तिने शपथ घातली, आणि तो पळत सुटतो. देवा, माझं असं करू नकोस, मला सज्जनांची संगत दे, असं तुकोबा मागतात. मावशी आणि त्या आज्जीची गोष्ट ऐकल्यापासून हा अभंग मला विनोदी वाटेनासा झाला आहे.

आता या शब्दांचा दुसरा अर्थ. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, तो आपल्या कानाला तोतराच वाटतो. प्राचीन ग्रीकांना परक्यांचं बोलणं बर-बर असं ऐकू यायचं, म्हणून ते परके 'बार्बारोस' झाले. पुढे या शब्दाला रानटी हा अर्थ चिकटला आणि तो युरोपभर पसरला. आपल्या संस्कृतातही बर्बर आहेच, तोतरा आणि परका हे दोन्ही अर्थ घेऊन. अरबांनी अरबी न बोलणाऱ्यांना, विशेषतः इराण्यांना 'अजम' म्हटलं. त्या शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलणं आहे. ज्या फारसीत पुढे हाफिज आणि सादी झाले, ती अरबी कानाला कधीकाळी नुसतं पुटपुटणं होती! रशियन लोक जर्मनांना 'न्येमेत्स' म्हणतात, आणि तो शब्द मुक्या माणसासाठी असलेल्या शब्दातून आला आहे. जर्मन माणूस मुका का? तर त्याला रशियन येत नाही म्हणून.

आपण यात मागे नाही. 'म्लेच्छ' हा शब्द आज धर्माच्या भांडणात फेकला जातो, पण पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात म्लेच्छ् या धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणं एवढाच दिला आहे. व्याकरण का शिकावं हे सांगताना पतंजली महाभाष्यात असुरांची गोष्ट सांगतो. असुरांना शत्रूंना उद्देशून 'हे अरयः' म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडून 'हेलयः' असं निघालं, आणि म्हणून त्यांचा पराभव झाला. म्हणजे काय झालं? र चा ल झाला. आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर जे करतं, तेच असुरांनी केलं. ते नुसते बोबडे होते!

यातली गंमत पुढेच आहे. पूर्वेकडच्या प्राकृतात र चा ल होणं हा दोष नव्हता, नियमच होता. ओडिशातल्या धौलीला आणि उत्तरेत कालसीला सम्राट अशोकाचे जे लेख आहेत, त्यांत राजा हा शब्द 'लाजा' असा कोरला आहे. मगधाच्या दरबाराची भाषाच तशी. ज्या उच्चारापायी असुर हरले असं व्याकरणकार सांगतात, त्याच उच्चारात एका सम्राटाने आपल्या आज्ञा दगडावर कोरून घेतल्या. बोबडं कोण, हे शेवटी ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

मराठीच्या पोटातही असा एक शब्द दडलेला आहे. 'कानडा'. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'कानडें' म्हणजे गूढ, सहज न समजणारं. विठ्ठलाला ज्ञानदेव कानडा म्हणतात, तेव्हा तो कर्नाटकातला एवढंच सांगायचं नसतं, तो कळत नाही हेही सांगायचं असतं. ग्रीकांचा बार्बारोस आणि आपला कानडा एकाच रीतीने घडले. फरक एवढाच की ग्रीकांनी न कळणाऱ्याला रानटी ठरवलं आणि आपल्या संतांनी न कळणाऱ्याला विटेवर उभं करून देव मानलं. हा फरक लहान नाही.

आता दादाच्या वाक्याकडे येतो. त्याच्या आयुष्यातले दोन प्रसंग त्याने मला सांगितले.

पहिला एका सरकारी खिडकीसमोरचा. पंचविशीतला दादा कसल्याशा दाखल्यासाठी रांगेत उभा होता. खिडकीतल्या माणसाने कानडीत गावाचं नाव विचारलं. तोतऱ्या माणसाला स्वतःचं नाव आणि गाव सांगणं हे सगळ्यांत कठीण. बाकीच्या बोलण्यात अडणारा शब्द चुकवून दुसरा घालता येतो, नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. दादा 'ये... ये... ये...' वर अडकला. त्याला कानडी उत्तम येतं, शाळेपासून तो कानडी बोलतो. पण खिडकीतल्या माणसाला वाटलं, हा मराठी पोरगा कानडी शब्द शोधतो आहे. 'कन्नड बरोदिल्लेनु?' कानडी येत नाही का, म्हणून तो ओरडला आणि वर या राज्यात राहायचं तर भाषा शिकायला हवी यावर त्याने दोन वाक्यं सुनावली. रांगेतले मराठी लोक त्याच्याशी भांडायला उठले. भांडण भाषेवर गेलं. दादा सांगतो, 'माझ्यासाठी दोन्ही बाजू भांडत हुत्या आणि मला एकच सांगायचं हुतं, जरा थांबा, मी बोलतो हाय.'

दुसरा प्रसंग महाराष्ट्रातला. नोकरीच्या मुलाखतीला तो गेला होता. तिथे प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत, म्हणजे घरचंच मैदान. दादा पहिल्याच वाक्यात अडला. समोरचे गृहस्थ समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, 'बेळगावकडचे ना? तिकडं मराठी जरा अडतंच, कानडीची सवय.' त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, उलट त्यांनी सांभाळूनच घेतलं होतं. नोकरी मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. पण दादा म्हणतो त्या दिवशी त्याला जास्त एकटं वाटलं. कानडी खिडकीवर तो मराठी म्हणून अडखळत होता आणि मराठी टेबलासमोर कानडी म्हणून.

बेळगावकडच्या मराठीला एक वेगळा हेल आहे हे खरं. पु. ल. देशपांडे बेळगावला प्राध्यापक होते, त्यांच्या 'गणगोत'मधल्या रावसाहेबांमुळे ती ढब महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. लोक त्यावर प्रेमाने हसले. पण ती एक पूर्ण बोली आहे, मोडकी मराठी नव्हे. गोव्यात आम्ही हे चांगलं ओळखतो. कोकणी ही भाषा की बोली यावर आमच्याकडे दोन पिढ्यांनी घसे फोडले. त्याच्या कितीतरी आधी, १६८४ साली, काँदि द आल्व्होर या व्हाइसरॉयने तीन वर्षांत पोर्तुगीज शिका आणि आपली भाषा सोडा असा हुकूम काढला होता. हुकूम काढणाऱ्याच्या कानाला आम्ही सगळेच गागो!

दोन भाषांत वाढल्यामुळे दादा तोतरा झाला का? मावशीला कुणीतरी तसंही सांगितलं होतं, आणि मुलाला कानडीपासून दूर ठेवा असा सल्लाही दिला होता. आजचं शास्त्र हे मानत नाही. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, बहुतेक मुलांत तो आपोआप जातो आणि मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाकडे उरतो, त्यांतही पुरुष जास्त. त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूतल्या वाणीच्या जोडणीचा भाग आहे. दोन भाषा हे त्याचं कारण नाही. कर्नाटकातच, म्हैसूरला, १९६५ सालापासून वाणी आणि श्रवणदोषांची अखिल भारतीय संस्था आहे. दादाच्या लहानपणी ही माहिती येळ्ळूरच्या घरापर्यंत पोचली नव्हती. नवस मात्र पोचले.

शब्दच नसता तर दोषही नसता का, असा प्रश्नही एकाने विचारून झाला आहे. वेंडेल जॉन्सन हा अमेरिकन संशोधक स्वतः तोतरा होता. १९४४ साली त्याने लिहिलं की अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींच्या भाषेत तोतऱ्याला शब्दच नाही, म्हणून त्यांच्यात तोतरे नाहीत. कल्पना मोठी मोहक. पुढच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शब्दही होता आणि तोतरेही होते. त्याच जॉन्सनच्या देखरेखीखाली १९३९ साली आयोवात अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला होता. नीट बोलणाऱ्या काही मुलांना तुम्ही तोतरे आहात असं सांगत राहायचं. मुलं तोतरी झाली नाहीत, पण त्यांतली काही बोलायला कचरू लागली, गप्प गप्प झाली. तो प्रयोग २००१ साली उजेडात आला तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. म्हणजे शब्द दोष निर्माण करत नाही, पण माणसाला गप्प करू शकतो.

शब्दाचं नशीब पालटतंही. सुश्रुताने मूक, मिन्मिन आणि गद्गद असे वाणीचे तीन दोष सांगितले आहेत. त्यातला गद्गद आज कुठे आहे? आपण भक्तीने, मायेने 'सद्गदित' होतो. रोगाचं नाव होतं, भावनेचं झालं. बोबड्याचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांना आपलं बोलणं बाळाच्या बोबड्या बोलांसारखं समजून घ्या म्हणतात, आणि त्या बोलांचं कौतुक करणारी आई म्हणजे श्रोते. जबाबदारी बोलणाऱ्यावर नाही, ऐकणाऱ्यावर. पोर्तुगालमध्ये गागो कूतिन्यो या नौदल अधिकाऱ्याने १९२२ साली दक्षिण अटलांटिक महासागर विमानाने पार केला, त्याच्या नावातल्या तोतऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. आणि न्यायमूर्ती शरद बोबडे २०१९ साली भारताचे सत्तेचाळिसावे सरन्यायाधीश झाले, तेव्हा त्या आडनावाचा अर्थ कुणाच्या ध्यानातही आला नसेल.

पण मला सगळ्यांत आवडते ती हिरोडोटसने सांगितलेली बाट्टोसची गोष्ट. थेरा बेटावरचा हा तोतरा मुलगा आपल्या वाचेचा उपाय विचारायला डेल्फीच्या देवाकडे गेला. देवाने उत्तर दिलं, लिबियात जा आणि नगर वसव. मी आलो वाचेसाठी, मला हे काय सांगतोस, असं तो म्हणाला. शेवटी त्याला जावंच लागलं, आणि इसवी सनापूर्वी सातव्या शतकात त्याने किरेने नगर वसवलं. ग्रीक लोक म्हणत, तोतरा म्हणून त्याचं नाव बाट्टोस. हिरोडोटस म्हणतो, तसं नाही. लिबियाच्या भाषेत बाट्टोस म्हणजे राजा. एकच शब्द, समुद्राच्या या काठावर तोतरा आणि त्या काठावर राजा.

ही गोष्ट मी दादाला सांगितली. तो हसून म्हणाला, 'मला न्हाई कुठल्या काठावर राजा केलं.'

येळ्ळूर हे नाव २०१४ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक होता. न्यायालयाच्या आदेशावरून जुलै महिन्यात तो पाडला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा पाडला, आणि गावात लाठीमार झाला. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं हे दुखणं, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून तिथेच आहे. त्याचा निकाल काय लागावा याबद्दल माझं मत आहे, येळ्ळूरकरांचं तर आहेच, आणि त्यांना आपलं गाव आपल्या भाषेत सांगता आलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दादाकडे पाहिलं की वाटतं, गाव सांगायचा हक्क मिळाला तरी ते सांगून पूर्ण होईपर्यंत थांबणारा कान लागतोच.

दादा गुरुवारी भजनाला बसतो. टाळ हातात घेतला की त्याची जीभ कुठेही अडत नाही. गाताना आणि चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना तोतरेपण बहुधा गळून पडतं, हे शास्त्रही सांगतं. मागच्या खेपेला मीही त्याच्याशेजारी बसलो होतो. अभंग संपला, बाहेरगावहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, 'आवाज छान आहे हो तुमचा. गाव कोणतं?' दादा म्हणाला, 'ये...' आणि थांबला.

मला ते नाव आता नीट म्हणता येतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. मी गप्प राहिलो. पाहुणाही थांबला. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग दादाने स्वतःच ते म्हटलं, जोड-ळ सकट.